अम्मापुढे ठेवलेला अर्धा प्रश्न

ही हकिगत सांगायचं मी टाळत आलो असं म्हटलं, तर माझे जुने सहकारी हसतील. त्यांनी ती माझ्याच तोंडून कितीतरी वेळा ऐकली आहे. जेवणाच्या सुट्टीत, कुणाच्या निरोपाच्या चहाला, बदलून आलेल्या नव्या साहेबांसमोर कुणीतरी म्हणायचं, "ते देवीच्या एनओसीचं सांगा ना," आणि मी सांगायचो. सगळे हसायचे, मीही हसायचो. त्या हसण्यामागे जे होतं ते मात्र मी बायको सोडून कुणाला सांगितलं नाही, आणि तिलाही सगळं नाही. आता मी ऐंशीच्या पुढे आहे. माझ्या अक्षरातलं एक वाक्य कुठल्यातरी फायलीत पडून आहे आणि ते खोटं आहे. ते खोटं कसं झालं, आणि त्याची झळ कुणाला लागली, एवढं लिहून ठेवायचं आहे.

आमचं घराणं बंगळुरात कधी आलं हे नक्की कुणाला ठाऊक नाही. मराठी फौजांबरोबर आलो, असं वडील सांगायचे. घर बसवनगुडीतलं. बोलायचो मराठी, पण ती अशी की पुण्याचा माणूस दोन वाक्यांत हसू लागे. थोड्याला आम्ही स्वल्प म्हणणार, बरं म्हणायचं तिथे सरी. मी दगडांचा माणूस. मल्लेश्वरममध्ये एक छोटी संशोधन कचेरी होती, ती आता नाही. तिथे मी जमिनीच्या पोटातल्या खडकाची पाहणी करायचो. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे पुण्याहून एक साहेब आले. मी त्यांना साहेब म्हणायचो आणि ते मला बंगळूरकर. माझं खरं आडनाव त्यांनी शेवटपर्यंत वापरलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे आलेलं काम असं होतं. अणुभट्टीत इंधन वापरून झालं की जे उरतं ते विझत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही असे किरण सोडत राहतं, शेकडो पिढ्या, काही भाग तर हजारो पिढ्या. ते कुठेतरी ठेवायलाच हवं. एक विचार असा, की जुन्या, भक्कम, पाणी न मुरणाऱ्या दगडात खूप खोल ठेवावं. तसा दगड कसा वागतो, त्यात चिरा कुठे असतात, चिरांतून पाणी किती सरकतं, हे आम्ही बघायचं. त्यासाठी दोन-तीन जागा निवडल्या होत्या. त्यांतली एक इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, होसूरच्या वाटेवरून आत गेल्यावर लागणारी एक उघडी टेकडी. तेव्हा इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे चार-दोन कारखाने आणि मधे मोकळं रान. त्यापुढे नाचणीची शेतं, करंजाची झाडं, आणि दुपारच्या धुरकट उजेडात पाठ वर करून झोपलेल्या जनावरासारखी ती टेकडी.

"इथे काही पुरणार नाहीत हो," साहेब जीपमध्ये मला म्हणाले होते. "शहराच्या इतकं जवळ कोण पुरेल? आपण फक्त अभ्यास करायचा."

"मग पुरतील कुठे?"

"जिथे दगड असाच वागेल तिथे."

"तिथेही कुणी राहत असेल की, साहेब."

"बंगळूरकर, जिथे कुणीच राहत नाही असा एक दगड मला दाखवा, मी उद्याच बदली मागून तिकडे जातो."

ड्रायव्हरसुद्धा हसला. पण कामाच्या कागदांत एक ओळ होती आणि ती मी वाचली होती. पाहणीत योग्य ठरलेली जागा पुढील विचारासाठी यादीत ठेवावी, अशी ती ओळ. म्हणजे आज नाही, उद्या नाही, पण कधीतरी, आम्ही सगळे गेल्यावर, कुणी ती यादी उघडेल आणि या टेकडीवर बोट ठेवेल. साहेबांनीही ती ओळ वाचली असणार. आम्ही तिच्याबद्दल कधी बोललो नाही.

टेकडीच्या पायथ्याशी गाव होतं आणि टेकडीच्या कुशीत गावदेवीचं देऊळ. मूर्ती म्हणून काही नव्हतं. टेकडीचाच एक सुळका आत आलेला, त्याला चांदीचे डोळे बसवलेले, भोवती चार भिंती घातलेल्या. गाव तिला नुसतं अम्मा म्हणायचं. पूजा एका म्हाताऱ्या बाईकडे होती. तिला सगळे पुजारम्मा म्हणत. मी तिला अव्वा म्हणायचो, आपल्याकडे आजी म्हणतात तसं. ती मला 'सामी' म्हणायची. खेड्यातली माणसं बाहेरच्या प्रत्येकाला म्हणतात तसं. त्यात माझा काही मान नव्हता.

गावाचे गौडा, म्हणजे पाटील, भले माणूस. आम्ही टेकडीत भोक पाडायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "सरकारी जमीन आहे, तुम्हाला आम्ही कोण अडवणार? पण टेकडी अम्माची आहे. तिला विचारा. तिने हो म्हटलं तर गाव तुम्हाला पाणी देईल, सावली देईल, यंत्र ओढायला बैलसुद्धा देईल."

कोकणात ज्याला कौल लावणं म्हणतात त्याला इकडे प्रसाद विचारणं म्हणतात. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. प्रश्न सांगायचा. उजवीकडचं फूल आधी पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण या देवळातला रिवाज थोडा वेगळा होता. लोक लग्नाचं, दुखण्याचं, भावाभावांच्या भांडणाचं विचारायला येत, म्हणून प्रश्न चारचौघांत सांगायचा नाही. ज्याचं काम त्याने एकट्याने आत जायचं. पडदा ओढायचा. पुजारम्माला सगळं सांगायचं, ती ते अम्माच्या कानात सांगणार. मग पडदा उघडायचा आणि फूल कुठलं पडतं ते सगळ्यांनी पाहायचं. आत काय बोललं गेलं ते फक्त त्या दोघांना माहीत. आणि अम्माला.

साहेबांना कानडी येत नव्हती. "तुम्ही जा आत," ते म्हणाले. "काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला त्यातलं काही कळत नाही." पुढे कैक वर्षं मी स्वतःशी असं घोकत आलो की साहेबांनी मला खोटं बोलायला लावलं. तसं नव्हतं. ते हेच म्हणाले होते, तुम्हीच ठरवा.

आदल्या संध्याकाळी मी घरी वाक्यं जुळवली होती. बायको अंगणात कढीपत्ता तोडत होती. तिला मी कानडीतून म्हणून दाखवलं, "अव्वा, वीज तयार करताना एक राख उरते. ती विझत नाही. ती खूप खोल ठेवावी लागते. ती कुठे ठेवायची ते शोधायला आम्ही या दगडात भोक पाडतोय. इथे ठेवणार नाहीत असं म्हणतात, पण मला खात्री नाही."

"शेवटचं पण सांगणार?" बायकोने विचारलं.

"सांगायला हवं."

"सरी," ती म्हणाली, आणि मला वाटतं त्या संध्याकाळी तिला माझा थोडा अभिमान वाटला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळाबाहेर जमलं. पडदा ओढला गेला. आत तेलाचा वास, दगडाचा गारवा, एकच दिवा. त्या दिव्यात चांदीचे डोळे हलल्यासारखे वाटत होते. पुजारम्माने पांढऱ्या कण्हेरीची फुलं पाण्यात बुडवून दगडाला दोन्ही बाजूंना चिकटवली. हात पुसले. माझ्याकडे वळली.

"सगळं सांगा, सामी. मी माझ्या पदरचा शब्द घालणार नाही, तुमचा एक गाळणार नाही. अम्मा विचारलं तेवढ्याचंच सांगते."

"या टेकडीत भोक पाडायचं आहे, अव्वा. एवढंसं, पंजाएवढं रुंद. पण फार खोल. आतला दगड काढून बघायचा आहे."

"बघून?"

"अभ्यास करायचा."

"अभ्यास करून?"

वाक्यं सगळी तोंडात होती. बाहेर साहेबांचं खाकरणं ऐकू आलं. मला आठवतंय, त्या एका क्षणात दोन गोष्टी माझ्या मनात आल्या. पहिली अशी, की हा एक दगड आहे, त्याच्या कानात काय कुजबुजलं याने काय फरक पडतो, मी शिकलेला माणूस आहे. आणि दुसरी अशी, की राखेचं ऐकलं तर अम्मा नाहीच म्हणेल. ती ऐकत नाही असं मानणारा मी, ती ऐकेल म्हणून घाबरलो होतो.

"पुस्तकात लिहायचं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

ती सुळक्याशी वाकली, ओठ दगडाला लावून बराच वेळ बोलली. मग तिने पडदा उघडला. बाहेरचा उजेड एकदम आत आला, माणसांचे चेहरे दाटले. सगळे श्वास धरून उभे. उजव्या खांद्यावरचं फूल हळूहळू सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं आणि पडलं. घंटा वाजली. गौडांनी माझ्या पाठीवर थाप मारली. साहेब बूट हातात घेऊन उभे होते.

"काय बंगळूरकर, मंजूर?"

"मंजूर, साहेब."

"चला. इतक्या लवकर आपल्या हेड ऑफिसनेसुद्धा कधी सही केली नाही."

परत येताना जीपमध्येच ती गोष्ट विनोद झाली. आठवड्याभरात मी अहवालात इंग्रजीतून लिहिलं, की ग्रामस्थांना कामाचं स्वरूप आणि उद्देश समजावून सांगण्यात आला व त्यांची संमती मिळाली. मी मघाशी म्हटलं ते वाक्य हेच.

यानंतरचे महिने मला आता स्वप्नासारखे आठवतात. यंत्राची एकसुरी घरघर सुरू असायची. करंजाच्या सावलीत आमची खाट. पाण्याने ओथंबलेले दगडाचे लांब दांडे जमिनीतून वर यायचे आणि आम्ही ते लाकडी पेट्यांत ओळीने झोपवायचो, राखाडी, मधूनच गुलाबी, कुठे काळ्या शिरा. ढग टेकडीवरून सावल्या ओढत नेत. बंगळुरातल्या त्या उन्हाला धार नसायची; ते अंगावर पडलं तरी दुरून आल्यासारखं वाटे. त्या उन्हात पुजारम्मा रोज दुपारी यायची, पेटीशी बसायची आणि दगडाच्या दांड्यावरून हात फिरवायची.

"अम्माच्या पोटातला," ती म्हणायची. "अजून कोमट आहे बघा."

एकदा तिने विचारलं, "हा किती जुना, सामी?"

"माणूस नव्हता, झाड नव्हतं, गवताची काडीसुद्धा नव्हती, तेव्हाचा."

"अगोबाई. मग तेव्हा अम्मापुढे दिवा कोण लावत होतं?"

ती आपल्याशीच बोटं मोजू लागली. तिच्या आधी तिची आई, तिची आई, तिची आई. पूजा बायकांकडूनच आलेली. सातव्या बाईपर्यंत ती पोचली, आठवीचं नाव तिला येत नव्हतं. "तिच्या आधी धुकं," ती म्हणाली. "आणि माझ्यामागेही. मुलगी बसवनगुडीत दिली, ती फुलं विकते. इथे येणार नाही म्हणते. माझ्यामागे दिवा कोण लावणार ते मला ठाऊक नाही."

आम्ही कागदांत हजारो वर्षांचे हिशेब मांडत होतो. इतक्या काळानंतर कोणी राखण करायला नसेल, कुणाला काही आठवत नसेल, असंच धरून चाललो होतो. आणि समोर बसलेल्या बाईला सात पिढ्यांपलीकडे आपल्याच माणसांचं नाव सांगता येत नव्हतं, पुढची एक पिढी मिळत नव्हती. त्या दुपारी मी तिला सगळं सांगू शकलो असतो. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. ती म्हणाली असती, परत विचारू या. एवढंच तर म्हणाली असती. मी पेटीवर खडूने खोली लिहीत राहिलो.

मग एका कानडी वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. त्यांत टेकडीचं नाव होतं आणि 'अणुकचरा' हा शब्द होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली. देवळासमोरच्या कट्ट्यावर सगळं गाव बसलं होतं. आम्हाला दोघांना समोर उभं केलं.

"आमच्या गावात काय पुरणार ते आम्हाला पेपरवाल्याने सांगायचं होय?" बनियनवरचा एक माणूस ओरडला. "पुरा की, पुरा! तुमच्या साहेबाचं घर पण बांधा त्याच्यावर. आम्ही येऊ वास्तुशांतीला."

साहेबांनी समजावायचा प्रयत्न केला. इथे काही पुरणार नाही, हा फक्त अभ्यास आहे. मी ते कानडीतून सांगत होतो, अणुकचऱ्याला न विझणारी राख म्हणत होतो. मागून कुणी विचारलं, मग आधी का नाही बोललात? साहेब वैतागले. मला म्हणाले, "त्यांना सांगा, तुमच्या देवीनेच परवानगी दिली होती. तुमच्यासमोर."

ते वाक्य मी कानडीतून सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

मग हळूहळू सगळ्यांची तोंडं कट्ट्याच्या टोकाशी बसलेल्या पुजारम्माकडे वळली. गौडा उठले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "अव्वा, ह्या माणसाने आत काय सांगितलं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणी तोंडपाठ असलेलं म्हणताना अडखळला तर आपण पुढचा शब्द त्याला आठवेल म्हणून थांबतो, तसं ती थांबली. मला वाटतं ती माझ्यासाठी थांबली होती. मी काही बोललो नाही. साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"ह्यांनी सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीच अम्माला अर्धं विचारलं. म्हातारी झाले. अर्धं विसरले."

कुणी तिला शिवी दिली नाही. एक बाई रडू लागली. बनियनवाला बैलगाडी बाजूला घ्यायला गेला. गौडा डोक्याला हात लावून बसले. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "काय म्हणाली?"

"म्हणाली, चूक तिची होती."

"सुटलो," ते म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. आत काय सांगितलं होतं तेही त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ती ताटात तांदूळ निवडत होती. थांबली नाही. सगळं ऐकल्यावर तिने विचारलं, "ती असं म्हणाली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"सरी," ती म्हणाली. तांदूळ निवडत राहिली. त्यानंतर एकदा सोडलं तर तिने तो विषय काढला नाही. पण पाहुण्यांसमोर कुणी मला देवीच्या एनओसीचं सांगायचा आग्रह केला की ती उठून आत जायची. मी मात्र सांगत राहायचो. गोष्ट नेहमी उजवं फूल पडलं तिथे संपवायची, हे मला जमून गेलं होतं. पुढचं सांगायचं नाही.

काम त्याच वर्षी थांबलं. गावामुळे नव्हे, वरूनच कुठून तरी निर्णय आला. भोकात सिमेंट भरून आम्ही ते बंद केलं. त्या टेकडीत कधीच काही पुरलं गेलं नाही. कुणाला इजा झाली नाही, असंही म्हणता येईल, आणि मी स्वतःला ते कितीदा म्हटलं आहे. पण पुजारम्माकडून पूजा काढून घेतली गेली. जी अर्धं विसरते तिच्या तोंडून अम्माला काय विचारायचं? शेजारच्या गावातून एक माणूस आठवड्यातून एकदा येऊ लागला. प्रसाद विचारणं बंदच झालं. हे सगळं मला गौडा एकदा बसमध्ये भेटले तेव्हा कळलं. "म्हातारी लेकीकडे गेली," ते म्हणाले. "तुमच्याच बाजूला." मग, "चांगली बाई होती हो. पण गाव तरी काय करणार?"

त्यानंतर थोड्याच महिन्यांत, एका सकाळी, बसवनगुडीच्या बाजारात फुलांच्या टोपलीआडून हाक आली. "दगडाचे सामी!"

ती लेकीच्या टोपलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. मोगऱ्याची माळ कोपरापासून बोटांपर्यंत मापून देत होती. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिने माळ मापता मापता माझ्या बायकोची चौकशी केली. मी फुलं घेतली. बोलायचं ठरवलं, आणि मागे गिऱ्हाईक उभं होतं म्हणून निघालो. त्या दिवसापासून मी रोज फुलं आणू लागलो. बायको ती देवापुढे ठेवायची, एकदा फक्त म्हणाली, "आज तरी सांगितलंत तिला?" मी मानेनेच नाही म्हटलं.

रोज काहीतरी आड यायचं. कधी लेक जवळ असायची. कधी पुजारम्माच काही विचारत बसायची. एकदा तिने विचारलं, "ते भोक बुजवलंत?"

"बुजवलं."

"आणि ती राख? तिला जागा मिळाली?"

"नाही अजून. जिथे तयार होते तिथेच ठेवलीय. पाण्यात, पेट्यांत."

"राखण कोण करतं?"

"माणसं असतात. पाळ्या असतात त्यांच्या."

"ती गेली की?"

"दुसरी येतात, अव्वा."

"मग बरं आहे," ती म्हणाली. "म्हणजे पूजा चालू आहे." आणि हसली, दात नसलेलं, मोकळं हसू. त्या प्रश्नावर मी परिषदांतून कितीतरी निबंध ऐकले. तिचं म्हणणं कुणी मांडलं नाही. मीही नाही. माझ्या तोंडून ते कुणाला पटलं नसतं.

एकदाच मी त्या दिवसाच्या जवळ पोचलो. पाऊस थांबला होता, बाजार रिकामा होता, लेक आडोशाला चहा घ्यायला गेली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "अव्वा, कट्ट्यावर तुम्ही तसं का म्हणालात?"

ती पाकळ्या झटकत होती. "मग काय म्हणणार होते? पॅन्टवाल्या माणसाने अम्माला फसवलं असं म्हटलं असतं, तर गावाने संकटात जायचं कुणाकडे? माझं काय हो, मी जाणारीच होते. ती राहायला हवी."

"पण अव्वा—"

"तुम्ही तेव्हा बोलाल असं वाटलं होतं," ती म्हणाली. अगदी सहज, हवा कशी आहे ते सांगावं तसं. "मी जरा थांबले होते."

एवढ्यात लेक चहा घेऊन आली, मलाही एक पेला दिला, आणि मी तो पिऊन उठलो. घरी येईपर्यंत मी एक सबब तयार केली होती. आता मी खरं बोललो तर तिने जे वाचवलं तेच मोडेल. अम्मा फसली हे गावाला कळेल. म्हणून गप्प राहणं हेच तिच्या मनासारखं. ही सबब मला फार वर्षं पुरली. पण गावाला सांगणं आणि तिला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तिला सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. फक्त ती आणि मी, आणि ती तर सगळं जाणूनच होती.

दशक संपायच्या सुमाराला एका उन्हाळ्यात टोपलीमागे लेक एकटीच दिसू लागली. मी आठवडाभर विचारलं नाही. मग विचारलं. "गावी गेली होती जत्रेला," ती म्हणाली. "तिथेच गेली. देवळासमोर सावलीत बसली होती, बसल्या बसल्याच." तिने माळ कापून पानात बांधून दिली. मी ती घेऊन घरी आलो.

बायकोही आता नाही. टेकडीच्या आसपास उंच इमारती झाल्या आहेत. आमच्या गल्लीतल्या एका घरी नागपूरहून आलेला मुलगा भाड्याने राहायचा, तो तिकडे फ्लॅट घेऊन गेला. म्हणतो, "काका, बाल्कनीतून व्ह्यू एकदम भारी आहे." मी त्याला काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं तिथे काही नाहीही. आणि हे सगळं मी मराठीत लिहितो आहे. म्हणजे ज्या गावाने वाचायला हवं ते वाचू शकणार नाही, हे मला कळतं. इतकंच माझ्याच्याने होतं आहे.

त्या सकाळी, चहाचा पेला हातात असताना, जे वाक्य तोंडात होतं ते मी कानडीतून पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. अजूनही कधी दुपारी डोळा लागता लागता म्हणतो. ते असं:

अव्वा, तुम्ही काही विसरला नव्हता. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोनदा खोटं बोललो. कट्ट्यावर तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात हेही मला कळलं होतं, आणि तरी मी मान खाली घातली. माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत. मला क्षमा करा.